‘स्मृतिचित्रे’मधील परतणे : नाताळ-प्रणयकथेच्या साच्याच्या संदर्भात एक पुनर्वाचन

सारांश

शहर सोडून नाताळात मूळ गावी परतलेली नायिका, तेथे पुन्हा भेटणारे जुने प्रेम आणि नव्याने मांडला जाणारा संसार या सूत्रावर इंग्रजी चित्रपट-कादंबऱ्यांतील एक लोकप्रिय प्रकार उभा आहे. मराठीत या सूत्राच्या सर्वांत जवळ जाणारी कृती कल्पित नाही. ती लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंतील ‘परतणे’ या कल्पनेची तुलना केली आहे. लोकप्रिय साच्यात घर नायिकेची वाट पाहत असते. ‘स्मृतिचित्रे’त परतण्यासाठी घरच उरलेले नसते, ते दोघांना अटी ठरवून उभे करावे लागते, असे येथे मांडावयाचे आहे.

बीजसंज्ञा : स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळक, मराठी ख्रिस्ती साहित्य, पुनर्मीलन, माहेर, आखाजी, प्रणयकथा.

प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याकडे वाङ्मयाभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. परंतु विद्यार्थी वर्गात येतात ते अशा साहित्याने घडवलेल्या अपेक्षा घेऊनच. नाताळच्या सुमारास मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या प्रणयकथा आज सोनगीरसारख्या गावातील मुलीही पाहतात. मुंबई-आग्रा महामार्गावरील, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा त्या कथांतील बर्फाळ गावांशी काही संबंध नाही. तरीही मूळ गावी परतणे आणि पुन्हा आरंभ करणे ही कल्पना त्यांना आपली वाटते.

‘स्मृतिचित्रे’तील निवडक भाग वर्गात शिकवताना, ‘लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या’ असे वाक्य फळ्यावर लिहिले असता एका विद्यार्थिनीने विचारले, “पण मॅडम, परतल्या म्हणायचं तरी कसं? त्या नगरच्या घरात त्या आधी कधी राहिल्याच नव्हत्या ना?” आक्षेप रास्त होता. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

साच्याची घडण

नाताळ आणि मनःपरिवर्तन यांची सांगड इंग्रजी साहित्यात जुनी आहे. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीत एका रात्रीत कंजूष माणूस पालटतो. १९४६ सालच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात लहान गावात अडकून पडलेल्या नायकाला नाताळच्या पूर्वरात्री त्याच गावाचे मोल कळते. पुढे दूरचित्रवाणीने या सांगडीचे नियमित उत्पादन सुरू केले. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनीने २००९ पासून ‘काउंटडाउन टु ख्रिसमस’ या नावाने दरवर्षी अशा चित्रपटांची मालिका सादर केली. यांतील कित्येक चित्रपटांचे चित्रीकरण कॅनडात, भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फ पसरून झाले आहे.

साच्याची अंगे ठरलेली आहेत. नायिका मोठ्या शहरात यशस्वी परंतु एकाकी असते. आजारपण, वारसा किंवा मोडलेले लग्न यांपैकी एखाद्या निमित्ताने ती गावी येते. तेथे वडिलांचे दुकान किंवा आजीचे घर संकटात असते. जुना मित्र तिला मदत करतो, आणि नाताळच्या दिवशी ती शहर सोडण्याचा निर्णय घेते.

येथे दोन गृहीते ध्यानात घ्यावी लागतात. एक, गाव बदललेले नसते. नायिकेच्या गैरहजेरीत ते जणू तिच्यासाठीच जसेच्या तसे राखून ठेवलेले असते. दोन, परत आलेल्या स्त्रीला कोणी जाब विचारीत नाही. स्वयंपाकघरात कोणी शिरावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हे प्रश्न तेथे संभवतच नाहीत. सण सर्वांना आपोआप एका टेबलाशी आणून बसवतो.

खानदेशातील परतणे

आपल्याकडे परतण्याचा सण आखाजी होय. अक्षय्य तृतीयेला खानदेशातील सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची अहिराणी गाणी म्हटली जातात. शेतीचे सालही याच दिवशी पालटते. जुन्या सालदाराचा हिशेब होऊन नव्याशी बोली ठरते. म्हणजे परतणे आणि नवा आरंभ या दोन्ही कल्पना या एका सणात एकत्र आल्या आहेत. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यात माहेराला जे स्थान आहे, ते या पार्श्वभूमीवर नीट उमगते.

परंतु आखाजीच्या परतण्याला मुदत असते. चार दिवसांनी मुराळी जसा आणतो तसा पोचवावयासही जातो. मुदत संपल्यावरही राहिलेली मुलगी हा गावात कुजबुजीचा विषय होतो. सालदाराची बोली नव्याने ठरते, लेकीची ठरत नाही. माहेर हे आठवणीचे घर आहे, हक्काचे घर मात्र नाही. नवापूर परिसरातील ख्रिस्ती आदिवासी विद्यार्थी सांगतात की, रोजगारासाठी गुजरातेत गेलेली माणसे नाताळात जमेल तशी गावी येतात. तेथेही परतणे हे कामाच्या दोन मुदतींमधील विसाव्याचे असते.

म्हणून इंग्रजी साच्यातील ‘येथेच राहते’ हा अखेरचा निर्णय आपल्या सामाजिक वास्तवात सर्वांत अवघड ठरतो. मराठीतील कोणत्या कृतींनी हा अवघड निर्णय पेलला, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे आहे.

‘यमुनापर्यटन’ : पहिला प्रयत्न

बाबा पद्मनजी (१८३१–१९०६) यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. पुन्हा आरंभ करणारी ही मराठी कादंबरीतील आद्य नायिका म्हणता येईल.

मात्र हा आरंभ घडतो तो आधीचे घर मागे टाकून. यमुनेला परतावयाचे नाही, पुढे जावयाचे आहे. शिवाय विधवांच्या स्थितीचे निरूपण हा लेखकाचा हेतू असल्यामुळे तिच्या मनातील ओढाताण त्या निरूपणाखाली झाकली जाते. जुने माणूस आणि नवा धर्म यांपैकी काहीही न सोडता संसार कसा मांडावा, हा प्रश्न या कादंबरीपुढे उभाच राहत नाही. तो पुढे एका स्त्रीच्या आयुष्यात उभा राहिला.

‘स्मृतिचित्रे’ : घर नाहीसे होणे

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. बालवयातच नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक कवी होते, विद्वान होते आणि घरात न टिकणारे होते. न सांगता निघून जाणे हा त्यांचा स्वभावच होता. त्यामुळे लक्ष्मीबाईंचा संसार आरंभापासून कधी एका घरात स्थिरावला नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या घरी परतावे असे घर त्यांना वियोगापूर्वीही लाभले नव्हते.

प्रणयकथेत रेल्वे नायिकेला गावी आणते. येथे रेल्वेने घर दूर नेले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पती हयात, परंतु शास्त्राने आणि समाजाने गमावलेला, अशी त्यांची अवस्था होती. सधवा आणि विधवा या दोहोंच्या मधली ही जागा तत्कालीन समाजात नाव नसलेली जागा होती. त्यांच्या काव्यरचनेचा उगमही या वियोगकाळातच आहे.

या ठिकाणी कायद्याचा संदर्भ विचारात घेणे आवश्यक आहे. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा १८६६ साली झाला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेऊन पुन्हा लग्न करता येत असे. म्हणजे ‘नव्याने आरंभ’ करण्याचा कायदेशीर मार्ग टिळकांना उपलब्ध होता. त्यांनी तो अवलंबिला नाही, ते वाट पाहत राहिले. या कथेतील प्रणय शोधावयाचा असेल तर तो प्रथम या न केलेल्या अर्जात शोधावा लागेल. लक्ष्मीबाईंना असा पर्याय नव्हता. हिंदू स्त्री म्हणून त्यांना ना घटस्फोट होता, ना परिस्थितीने दिलेले अन्य घर. वाट पाहणे दोघांचेही होते, पण एकाचे निवडलेले आणि दुसऱ्याचे लादलेले. ही विषमता विसरून या पुनर्मीलनाचे गोडवे गाणे योग्य होणार नाही.

दोन स्वयंपाक, एक संसार

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) टिळकांकडे आल्या. लोकप्रिय साच्यात कथा येथे संपली असती. दारातील भेट, डोळ्यांतील पाणी आणि समाप्ती. ‘स्मृतिचित्रे’चा खरा रस मात्र येथूनच पुढे आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे घेऊन आल्या. आपले पाणी आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. पती हवा, परंतु त्याचा धर्म नको, ही त्यांची भूमिका होती आणि टिळकांनी ती मान्य केली.

ही मान्यता सामान्य नव्हे. टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या वर्तुळात वावरत होते. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’शी त्यांचे लेखन-संपादनाचे नाते पुढे दृढ झाले. अशा माणसाच्या संसारात त्याच्या स्पर्शाने विटाळणारे स्वयंपाकघर असावे, ही विसंगती दोघांनाही रोज सोसावी लागली असणार. परंतु या विसंगतीकडे लक्ष्मीबाई उत्तरायुष्यात वळून पाहतात तेव्हा त्या स्वतःला हुतात्मा करीत नाहीत आणि टिळकांना खलपुरुषही करीत नाहीत. त्या हसतात. स्वतःच्या सोवळ्याला हसतात, टिळकांच्या विक्षिप्तपणालाही हसतात. त्यांच्या विनोदाचे कौतुक समीक्षेत पुष्कळ झाले आहे. पण या विनोदाचे कार्य काय, हे क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते, ज्या दोघांना एकमेकांच्या श्रद्धा पटत नाहीत त्यांना एका छपराखाली राहता यावे यासाठी लागणारी मोकळी जागा हा विनोद निर्माण करतो. त्या अर्थाने तो शैलीचा अलंकार नसून संसाराचे साधन आहे.

पाण्याचा प्रश्न

आत्मचरित्राच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी वडिलांचे सोवळे रंगवले आहे. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. घरात येणारी वस्तू पाण्याने शुद्ध केल्यावाचून आत येत नसे. त्या घरात पाणी हे भीतीचे रूप होते. वरवर पाहता हा बालपणीचा गमतीदार प्रसंग वाटतो. परंतु पुढील कथेच्या संदर्भात वाचला असता तो संपूर्ण पुस्तकाचा पाया असल्याचे दिसून येते. ज्या मुलीचे बालपण पाण्याने वस्तू धुण्यात गेले, तिच्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय पाण्याभोवतीच फिरावा, यात आश्चर्य नाही.

राहुरीच्या वास्तव्याच्या सुमारास लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार उतरला. जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला. हा विचार पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी जात गेली, मग धर्म बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या युक्तिवादापुढे त्या नमल्या असे पुस्तक वाचताना वाटत नाही. त्यांनी आपला प्रश्न आपल्या भाषेत, स्वयंपाकघराच्या आणि पाणवठ्याच्या भाषेत, स्वतः सोडवला. धर्मशास्त्राच्या चर्चेतून टिळक जेथे पोचले, तेथे त्या पाण्याच्या घोटातून पोचल्या.

नाताळ-प्रणयकथेत सण हा कळसाध्याय असतो. ‘स्मृतिचित्रे’त पुनर्मीलनाचा कळस कोणत्याही सणाला लाभलेला नाही, तो एका साध्या दिवसाच्या पाण्याला लाभला आहे. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला आणि मराठीत रुळला. तसाच टिळकांच्या भजनांतून आणि कीर्तनांतून ख्रिस्ती उपासनेचा मराठी सूर घडला. पण त्या सुराला मराठी स्वयंपाकघरात जागा मिळण्यासाठी आधी पाण्याचा प्रश्न सुटावा लागला. सण एका टेबलाशी सर्वांना बसवू शकतो. मात्र आपल्याकडे पंगतीचा प्रश्न सुटल्याखेरीज तो सण पुरा होत नाही.

‘मागोमाग’ की ‘समोरासमोर’?

‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात ग्रंथरूपाने आले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंचे निधन झाले. जोसेफाइन इंकस्टर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ असे शीर्षक मिळाले. शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या अनुवादाच्या उपशीर्षकात ‘स्पिरिटेड वाइफ’ हे शब्द आहेत. पहिले शीर्षक लक्ष्मीबाईंना अनुगामिनी ठरवते. दुसरे त्यांचे तेज मान्य करते, परंतु ओळख पत्नीत्वाचीच ठेवते. मूळ मराठी नावात पती नाही, पाठोपाठ जाणेही नाही. तेथे केवळ पाहणारी आणि आठवणारी एक व्यक्ती आहे.

आपल्याकडील समीक्षेतही दोन वाचने रूढ आहेत. एक, पतीच्या मागे जाणारी पतिव्रता. दुसरे, धर्मांतराची साक्ष. पहिल्या वाचनात त्यांनी वेगळा ठेवलेला स्वयंपाक अडचणीचा ठरतो, दुसऱ्या वाचनात तो अज्ञानाचा अवशेष ठरतो. वास्तविक तो या पुस्तकाचा कणा आहे. वेगळ्या स्वयंपाकाशिवाय आलेली लक्ष्मी ही अनुगामिनी झाली असती. त्यासह आलेली लक्ष्मी समोरासमोर बसून बोली ठरवणारी भागीदार झाली. म्हणूनच पुढे दुष्काळाच्या, प्लेगच्या दिवसांत अनाथ मुलांनी भरलेला त्यांचा संसार ओढाताणीतही टिकला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि टिळकांच्या पश्चात त्या थेट कराचीपर्यंत पोचल्या. परतलेली नायिका गावातच थांबते हा साच्याचा नियम त्यांनी येथेही पाळला नाही.

दोन आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, आश्रित स्त्रीच्या अटींना ‘बोली’ म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. मिळकत नाही, शालेय शिक्षण नाही, पदरी मूल, अशा स्थितीत पतीकडे जाण्यावाचून त्यांना फारसा मार्ग नव्हता. परंतु हात इतके रिकामे असतानाही त्यांनी अट घातली, हीच गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. निवड लहान होती म्हणून ती निवड नव्हती असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आत्मचरित्राची रंजनकथेशी तुलना अन्यायाची आहे. वाङ्मयप्रकार म्हणून ती तशी आहेच. तथापि वाचकाच्या मनात ‘परतणे’ या कल्पनेचा आकार दोन्ही मिळून घडवतात. रंजनकथा सांगते की योग्य सण आला की सर्व जुळते. हे वचन खोटे ठरले की मुलगी स्वतःला दोष देते. ‘स्मृतिचित्रे’ सांगते की जुळत नाही, जुळवावे लागते, आणि जुळवताना आपले पाणी काही काळ वेगळे ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे. अध्यापनाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

निष्कर्ष

१. नाताळ-प्रणयकथेत घर आधीपासून असते आणि नायिका त्यात परतते. ‘स्मृतिचित्रे’त घर आधी नसते, परतण्याच्या प्रक्रियेतून ते निर्माण होते.

२. ‘यमुनापर्यटन’ नव्या आरंभासाठी जुने घर मागे सोडते. ‘स्मृतिचित्रे’ त्याच माणसाबरोबर नवा आरंभ करते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात हे पुढचे आणि अधिक अवघड पाऊल आहे.

३. लक्ष्मीबाईंचे वेगळे स्वयंपाकपाणी हा पुनर्मीलनातील अडथळा नव्हता, ती त्याची पूर्वअट होती.

४. लक्ष्मीबाईंचा विनोद हा मतभेदांसह सहजीवन शक्य करणारा घटक म्हणून अभ्यासला जाणे आवश्यक आहे.

समारोप

आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी काही विद्यार्थिनी लग्न मोडल्यावर, किंवा ते निभत नसल्यामुळे, माहेरी परतून पुन्हा प्रवेश घेतात. त्यांना शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मधली वर्षे काय केले, या रकान्यात बहुतेक जणी ‘घरी होते’ एवढेच लिहितात. कोणत्या घरी, हे तेथे विचारले जात नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या खंडाची वर्षे स्वतः, तपशीलवार आणि हसत लिहून ठेवली. वर्गातील त्या विद्यार्थिनीला आता उत्तर देता येईल. त्या परतल्या नाहीत. त्या पहिल्यांदाच आल्या, आणि येताना काय बरोबर आणावयाचे ते त्यांनी स्वतः ठरवले. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आपण हे वाक्य फळ्यावर लिहिले, तर समोर बसलेल्या एखादीला आपला रिकामा रकाना भरावयाचे बळ मिळू शकेल.